कुठला डोळा

“कुठला डोळा?” वकीलबाईंनी विचारलं, आणि त्याचा हात वर निघाला तो छातीपाशीच थांबला.

प्रश्न सरावाचा होता. उद्या अपील मंडळापुढे हेच विचारतील, म्हणून आज एकदा घोकून घ्यायचं, एवढंच. टेबलाच्या त्या बाजूला बाई, या बाजूला तो, मध्ये काच आणि काचेखाली दबलेलं जुन्या कॅलेंडरचं पान. उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. उजवा. अर्ज केल्यापासून तो हेच लिहीत आला होता, हेच सांगत आला होता. उजव्या डोळ्याला लागलं आणि उजवा डोळा गेला. यात डोकं चालवण्यासारखं काय होतं? पण हात निघाला तो कुठल्या बाजूला निघाला होता, हे त्यालाच कळलं नाही. तो नुसता वर निघाला होता, नाकाच्या रेषेत. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं झालं.

“उजवा,” तो म्हणाला.

“थांबलात.”

“विचार करत होतो.”

“यात विचार कसला? बूट कुठला चावतो म्हटलं तर माणूस विचार करतो का? खाली बघतो आणि सांगतो.” बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “उद्या असं करू नका. समोर तिघं असतात, त्यांतली एक डॉक्टर. तुम्ही थांबलात की त्यांना वाटतं, हा आठवत नाहीये, रचतोय. आपलं सगळं यावरच उभं आहे, लक्षात आहे ना?”

लक्षात होतं. सैनिकी अपंगत्वाचा अर्ज फेटाळताना पहिल्या मंडळाने दिलेलं कारण तो झोपेतही म्हणून दाखवू शकला असता. सैन्यातल्या नोंदीप्रमाणे धातूचा कण गेला तो डाव्या डोळ्यात. दृष्टी गेली ती उजव्याची, तीही नोकरी सुटल्यानंतर काही वर्षांनी. डाव्याची जखम भरून आलेली आहे, उजव्याचा आजार स्वतंत्र आहे, सबब सेवेशी संबंध नाही. ‘सबब’ हा शब्द त्याला दारावर लावलेल्या कडीसारखा वाटायचा. आणि त्यावर बाईंचं उत्तर सोपं होतं: नोंदच चुकली. पट्टी बांधणारा जखमीच्या समोर उभा असतो. जखमीचा उजवा डोळा त्याच्या डाव्या हाताला येतो. घाईत त्याने डावा लिहिलं. ज्याने लिहिलं तो कंपाउंडर स्वतः येऊन शपथेवर सांगणार होता की हो, चूक माझी. याहून सरळ प्रकरण आपल्याकडे आलेलं नाही, असं बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या.

खाली रस्त्यावर ऊन होतं. तो सवयीने भिंतीच्या कडेने चालू लागला, उजवा खांदा भिंतीकडे ठेवून, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूने कोणी येणार नाही. एका डोळ्याचं जग सपाट असतं हे त्याने कधी कोणाला नीट सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की लोक एक डोळा मिटून इकडेतिकडे बघत आणि म्हणत, छे, आम्हाला तर सारखंच दिसतंय. त्यांना सारखंच दिसणार, कारण त्यांच्याकडे अंतराच्या अंदाजाचा जन्माचा साठा होता. त्याचाही होता, पण तो हळूहळू संपत आला होता. दुकानात, म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांच्या ज्या दुकानात तो काउंटरवर उभा राहायचा तिथे, तो गिऱ्हाइकाच्या हातात बोल्ट ठेवायला जायचा आणि बोल्ट हाताच्या अलीकडे पडायचा. आता डाव्यातही धूर आला होता. सकाळी उठल्यावर दिसायचा, खोलीत कोणीतरी अगरबत्ती लावून गेल्यासारखा, आणि दुपारपर्यंत विरायचा. अलीकडे दुपारीही विरत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, उपचार आहेत, लांबणारे आहेत, आणि खर्च सांगताना त्यांनी आवाज खाली आणला होता. सैनिकी रुग्णालयात ते सगळं होत होतं. अपील मान्य झालं तर. नाही झालं तर उरलेला डोळाही जाणार, आणि मग कुठला या प्रश्नाला काही अर्थच राहणार नव्हता.

एका शिंप्याच्या दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं रूप दिसलं आणि तो थांबला. हात उचलून त्याने उजव्या पापणीवर ठेवला. काचेतल्या माणसानेही त्याच बाजूचा हात उचलला. आरशात उजवा उजव्याच बाजूला राहतो. समोर दुसरा माणूस उभा असेल तर मात्र त्याचा उजवा आपल्या डावीकडे जातो. इथवर ठीक होतं. मग त्याने तो दिवस आठवून पाहिला. रणगाड्याच्या पट्ट्यातली खीळ अडकून बसली होती. ती ठोकून काढायची, म्हणजे एकाने पंच, जाड लोखंडी सळई, धरायचा आणि दुसऱ्याने घण मारायचा. पंच त्याने धरला होता. पंचाचं डोकं मार खाऊन खाऊन अळंबीसारखं पसरलं होतं आणि त्याच्या कडा उकलल्या होत्या. ते घासून काढायला हवं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. डोळ्यांवर लावायचा जाड काचेचा चष्माही होता, पण तो भांडारवाल्याकडे फडक्यात गुंडाळून असायचा, कारण तपासणीच्या दिवशी तो नवा दिसायला हवा. घण पडला. डोळ्यात चिलट गेल्यासारखं वाटलं, एवढंच, चिलट. दुखलं नाही. आणि मग मधलं काही नाही. एकदम खाट, औषधाचा वास आणि अंधार. हे त्याने कितीदा सांगितलं होतं! पण आता काचेसमोर उभं राहून बघताना त्याच्या लक्षात आलं की त्या आठवणीत तो स्वतःला बघत होता. समोरून. पंच धरून वाकलेला एक तरुण माणूस, मानेवर घाम, आणि घण खाली येताच त्याचा हात उजव्या डोळ्याकडे जातो. चित्र स्वच्छ होतं. पण समोर तर रणगाडा होता. रणगाड्याच्या जागी उभं राहून त्याला पाहणारा कोण होता? ज्याने ते पाहिलं नव्हतं त्यानेच ते नंतर कधीतरी काढलेलं असणार. आणि चित्र काढणारा चेहरा समोरून काढतो तेव्हा उजवा कुठे, डावा कुठे, हे त्याने कशावरून ठरवलं असेल? शिंप्याने आतून विचारलं, “काय हवंय?” तो म्हणाला, “काही नाही,” आणि निघाला.

बायको इस्त्री करत होती. त्याचा पांढरा शर्ट टेबलावर पालथा पडला होता. त्याने चपला काढल्या, पाणी प्यायला, पेला जपून ओट्यावर ठेवला. आधी बोटाने कडा चाचपून मग ठेवायचा, ही नवी सवय होती.

“अगं, डोळ्याचं मी तुला पहिल्यांदा काय सांगितलं होतं?”

“पहिल्यांदा म्हणजे कधी?”

“लग्नाच्या वेळी.”

“लग्नाच्या वेळी तुम्ही माझ्याशी बोललात कुठे? छताकडे बघत बसला होतात. मला वाटलं, तिरळे आहेत की काय.”

“मग नंतर.”

“नंतर सांगितलंत. डोळ्यात कण गेला होता, बरेच दिवस इस्पितळात होतो.” तिने बाही उलटली. “कुठल्या डोळ्यात ते सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. दोन्ही ठणठणीत होते की तेव्हा. बघून कळतही नव्हतं.”

“मग उजवा असं मी कधी म्हणालो?”

इस्त्री थांबली. तिने ती उभी करून ठेवली. आठवायचं असलं की ती हातातलं काम नेहमी असं बाजूला ठेवायची, जणू आठवण हे वेगळं काम आहे आणि त्यालाही दोन हात लागतात.

“उजवा लाल झाला होता ना, उजेड सहन होईना, तेव्हा. आरशासमोर उभे होतात. म्हणालात, हा तोच. मागचं दुखणं उलटलं. मग डॉक्टरांनाही तेच सांगितलंत. मी होते शेजारी.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “का? आता हे काय नवीन काढलंत?”

“काही नाही. सहज.”

“सहज कसलं! इतकी वर्षं उजवा उजवा म्हणत काढली, आता उद्या सकाळी तेवढं एकदा म्हणा आणि या घरी. नाही त्या वेळी शंका काढायची तुमची खोड जायची नाही.”

हा तोच. तो आतल्या खोलीत जाऊन बसला. म्हणजे आधी डोळा लाल झाला आणि मग जखम तिथे जाऊन बसली. दुखणं आलं तेव्हा त्याला कारण हवं होतं, आणि एक कारण बेवारशी पडून होतं, ते त्याने उचलून तिथे लावलं. कदाचित बरोबर लावलं असेल. कदाचित तो खरंच तोच होता. चोर पकडला गेला की गावातल्या सगळ्या चोऱ्या त्याच्या नावावर जातात, पण त्यातली एखादी त्याने केलेलीही असते. त्याने दोन्ही पापण्यांवर बोटं ठेवली आणि आळीपाळीने दाबून पाहिली, डोळ्यांनाच विचारत असल्यासारखं. दोन्ही सारखेच मऊ होते, सारखेच गरम होते.

संध्याकाळी कंपाउंडर आला. दुसऱ्या गावाहून बसने आला होता. रात्री इथेच राहून सकाळी बरोबर जायचं ठरलं होतं. दारातूनच त्याचा आवाज आला, “वहिनी, चहा टाका, साक्षीदार आला!” तो पूर्वीसारखाच होता, फक्त डोक्यावरचे केस कानांवर उतरल्यासारखे झाले होते. युनिटमध्ये तो जखमा बांधायचा, गोळ्या द्यायचा, आणि कोणी खोटं आजारपण काढलं तर त्याला एरंडेल पाजायचा. त्याने पिशवीतून कडक घडीचा कोट काढला. “जावयाचा आहे,” तो म्हणाला. “शपथ घ्यायची म्हणजे कोट पाहिजे. बिनकोटाच्या माणसाचं कोण खरं मानतं, मिस्त्री?” रणगाडे दुरुस्त करायचा म्हणून युनिटमध्ये सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे.

चहा झाला. बायको आत गेली तशी त्याने विचारलं, “एक खरं सांग. तू चुकीचं लिहिलंस, हे तुला आठवतं?”

“आठवायचंय काय त्यात? तुझा उजवा गेला. मी डावा लिहिला. मग चुकलं कोण? मी.”

“म्हणजे आठवत नाही.”

“अरे, दिवसभर माणसं यायची. हात, पाय, कान, सगळं समोरून. सुरुवातीला तर इतका घोळ व्हायचा की मी मनगटावर शाईने ‘उ’ लिहून ठेवायचो. उजव्याचा उ.”

“कुठल्या मनगटावर?”

“तेच तर!” कंपाउंडर मोठ्याने हसला, आणि मग त्याचं हसू मध्येच ओसरलं. “ऐक. तुझा अर्ज फेटाळला असं कळलं ना, त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही मला. एवढ्याशा अक्षराने माणसाचं आयुष्य खाल्लं. मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. बस, उद्या एकदा सगळ्यांसमोर बोलून टाकलं की सुटलो.”

“पण समज, मलाच नक्की माहीत नसेल तर?”

“काय माहीत नसेल?”

“कुठला ते.”

 कंपाउंडरने रिकामा कप बशीवर गोल फिरवला. “असं बोलू नकोस,” तो शेवटी म्हणाला. “मी सही केलीय. शपथेवर. आता तू असं बोलू नकोस.”

सकाळी मंडळाच्या इमारतीत ते तिघं लाकडी बाकावर बसले. बायको मध्ये. वकीलबाई येरझाऱ्या घालत होत्या आणि दर फेरीत त्याच्यासमोरून जाताना मान हलवत होत्या, म्हणजे ‘थांबू नका’. कॉरिडॉर लांब होता, भिंती खालून अर्ध्या हिरव्या रंगवलेल्या, वर चुना. कुठेतरी फायलींची ढकलगाडी चालली होती, तिचं एक चाक कुरकुरत होतं. त्याने डोळे मिटले. धुराने डोळा शिणायचा, म्हणून तो असा अधूनमधून मिटून बसायचा. आणि मिटताच त्या चाकाच्या आवाजाने तो वॉर्ड आला. दृश्य नाही, नुसता वॉर्ड. तिथे दृश्य नव्हतंच. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. लागलं एकालाच, पण बांधायचे दोन्ही, हा तिथला नियम होता. कारण उघडा डोळा काही बघायला वळला की बांधलेलाही पट्टीखाली वळतो आणि जखम हलते. तो उताणा पडून असायचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. औषधाची गाडी यायची ती कुरकुरत यायची. ती आपल्या खाटेपाशी थांबली की पुढे कपाळावर गार हात येणार हे कळायचं. वेदना होती, पण ती एका बाजूला नव्हती. ती कपाळाच्या मधोमध होती, खिळ्यासारखी, आणि तिथून सगळीकडे जायची. एकदा नवीन आलेल्या नर्सने विचारलं, कुठला डोळा हो तुमचा? आणि तो म्हणाला होता, ज्यात अंधार आहे तो. सगळा वॉर्ड हसला होता. तो स्वतःही हसला होता, पिशव्यांच्या मध्ये, मान न हलवता. त्याला वाटत आलं होतं की तो विनोद होता. आता बाकावर बसून त्याला शंका आली की त्या क्षणी ते त्याचं खरं उत्तर होतं. पट्टी सुटली तेव्हा दोन्हींनी दिसलं. थोडं पाणी यायचं, मग तेही थांबलं, आणि त्याने ते प्रकरण डोक्यातून काढून टाकलं. ज्या गोष्टीने आपलं काही नेलं नाही तिचा पत्ता कोण लिहून ठेवतं?

शिपायाने नाव पुकारलं. कंपाउंडरने जावयाच्या कोटाचं बटण लावलं.

खोलीत एक लांब टेबल होतं. मध्ये अध्यक्ष, बारीक मिशीचे, निवृत्त अधिकारी असावेत असे ताठ. एका बाजूला एक माणूस जो शेवटपर्यंत काही बोलला नाही. दुसऱ्या बाजूला डॉक्टर, पन्नाशीच्या, चष्मा केसांवर चढवलेला. मागे खिडकी असल्यामुळे तिघांचे चेहरे काळसर दिसत होते, कडा तेवढ्या उजळ. वकीलबाई बोलल्या. चांगलं बोलल्या. समोरासमोर उभं राहिल्यावर डावं-उजवं कसं फिरतं, हे त्यांनी स्वतः वळून दाखवलं. कंपाउंडरचं शपथपत्र त्यांनी पुढे सरकवलं. मग अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं.

“तुम्ही सांगा. त्या दिवशी इजा कुठल्या डोळ्याला झाली?”

उजवा हा शब्द त्याच्या जिभेवर होता. त्याला वजन नव्हतं. तो नुसता सोडून द्यायचा होता, तोंडातल्या बीसारखा. त्याला बायको दिसली नाही, ती बाहेर होती. कंपाउंडर त्याच्या उजवीकडे, जरा मागे उभा होता, म्हणजे तोही दिसत नव्हता, पण त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला एवढंच कळत होतं की तो शब्द आता सुटला की कायमचा खरा होईल. कंपाउंडर चुकलेला ठरेल, नोंद खोटी ठरेल, आणि तो स्वतः पुढे कधीही त्या दिवसाकडे परत जाऊ शकणार नाही, कारण तिथे काय झालं ते ठरून गेलेलं असेल.

“साहेब, मला माहीत नाही,” तो म्हणाला.

वकीलबाईंचं पेन टेबलावर पडलं.

“माहीत नाही म्हणजे?” अध्यक्ष म्हणाले. “अर्जात तुम्ही स्पष्ट लिहिलंय.”

“लिहिलंय. तेव्हा माहीत आहे असं वाटत होतं. दोन्ही डोळे बांधले होते. नंतर दोन्हींनी दिसायला लागलं. पुढे उजवा गेला, तेव्हा मी म्हणालो, हाच असणार. त्याआधी मी तसं कधी म्हणालो होतो का, हे कोणालाच आठवत नाही. मलाही नाही.”

 पंखा फिरत होता. मग डॉक्टरबाई उठल्या, पर्समधून एक छोटी बॅटरी आणि भिंग काढून टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आल्या. “बसा,” त्या म्हणाल्या. “वर बघू नका, खाली बघा. स्वतःच्या गुडघ्यांकडे.” त्यांच्या अंगठ्याने त्याची डावी पापणी वर ओढली, पार वर, आणि उजेड एका बाजूने तिरका आला. त्याला फक्त नारिंगी दिसलं. मग उजवी पापणी. तिथे त्याला काहीच दिसलं नाही. त्या पुन्हा डाव्याकडे आल्या. त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास होता.

“नोंद बरोबर आहे,” त्या सरळ होत म्हणाल्या. “डाव्या डोळ्यात, वरच्या पापणीखाली, बुबुळाच्या कडेला पांढरी रेघ आहे. जुनी. कण तिथून आत गेला. उजव्याला जखम कधीच झालेली नाही.”

झालं, असं त्याला वाटलं. खुर्ची त्याच्या खालून थोडी दूर गेल्यासारखी झाली. मागे कंपाउंडरने “काय?” असं म्हटलं, अगदी हळू.

“बसा, बसा, उठू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या आपल्या जागी गेल्या नाहीत. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. “डोळ्याच्या आत एक काळसर थर असतो. तो जन्मभर आत बंद असतो, त्यामुळे शरीराची त्याच्याशी नीट ओळखच झालेली नसते. डोळा फुटला की तो उघड्यावर येतो. मग शरीर त्याला परका समजतं आणि त्याच्या मागे लागतं. आणि तसाच थर दुसऱ्या डोळ्यातही असतो. त्या डोळ्याने काही केलेलं नसतं, त्याला काही लागलेलं नसतं. पण शरीर त्यालाही सोडत नाही. क्वचित होतं हे. काही आठवड्यांनी होतं, कधी वर्षांनी. कधी कधी तर लागलेला डोळा तगतो आणि न लागलेला जातो.” त्या अध्यक्षांकडे वळल्या. “पहिल्या मंडळाने हे विचारात घ्यायला हवं होतं. आणि यांनीही,” त्यांनी वकीलबाईंकडे पाहिलं, “नोंदच चुकीची म्हणून भांडत बसल्यावर तिकडे कोण बघणार? डाव्याला लागलं हेच तर यांच्या बाजूचं होतं.”

वकीलबाईंनी पेन उचललं. पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. फेटाळण्याचा निर्णय रद्द. तज्ज्ञांकडून नव्याने तपासणी. तोवर डाव्या डोळ्याचे उपचार सैनिकी रुग्णालयात ताबडतोब सुरू करावेत. “आणि हे शपथपत्र?” अध्यक्षांनी कागद चिमटीत धरून विचारलं. “मागे घेतो,” वकीलबाई म्हणाल्या. मागून कंपाउंडर म्हणाला, “हो साहेब, घेतो, घेतो.”

बाहेर बायको उभी राहिली. “काय म्हणाले?”

“होईल म्हणाले. उपचार लगेच. बाकीचं तपासून.”

“मग असा चेहरा का केलाय?”

“उजव्याला काही लागलंच नव्हतं गं.”

“मग तो गेला कसा?”

त्याला नीट सांगता येईना. थर, परका, ओळख, हे शब्द त्याच्या तोंडात एकमेकांवर चढले. डाव्यातली जखम, गेला उजवा, आणि ज्याने तो आता बायकोचा चेहरा पाहत होता तो लागलेला डोळा. त्याने इतकी वर्षं उजव्याची कीव केली होती, झोपताना त्या कुशीवर वजन येऊ दिलं नव्हतं. आता ते सगळं कुठे न्यायचं? वकीलबाईंनीच तिला समजावून सांगितलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या.”

“वाण नाही पण गुण लागला,” वकीलबाईंनी पुरं केलं, आणि आपण हसतोय हे लक्षात येऊन त्या गप्प झाल्या.

कंपाउंडर मात्र बाकावर बसला होता. कोट काढून त्याने मांडीवर ठेवला होता आणि त्यावरून हात फिरवत होता. “म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं,” तो म्हणाला. जरा वेळाने पुन्हा म्हणाला, “बरोबर लिहिलं होतं, मिस्त्री.” त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मिस्त्री कंपाउंडरच्या शेजारी जाऊन बसला. भिंतीचा हिरवा रंग त्याच्या धुरात हलत होता. त्याने डोळे मिटले नाहीत. बघता बघता त्याला काहीतरी दिसायला लागलं, समोरून काढलेलं नाही, आतून. खालच्या उंचीवरचं, वाकलेल्या माणसाला दिसेल तेवढंच. अर्धी चौकट काळी होती, आणि अर्ध्या चौकटीत लख्ख ऊन.

“तू पळत आलास,” तो म्हणाला. “तुझ्या हातात चहाचा पेला होता.”

“होता ना!” कंपाउंडर नाक पुसत म्हणाला. “खाली ठेवायचंच सुचलं नाही. तंबूपासून तसाच पळालो. नंतर शोध शोध शोधला, माझा स्वतःचा पेला होता तो. कुठे ठेवला देव जाणे.”

“पट्ट्यावर ठेवलास. रणगाड्याच्या. मग दोन्ही हातांनी माझं डोकं धरलंस. सांडला नव्हता, वाफ येत होती.”

कंपाउंडरने त्याच्याकडे पाहिलं. “तुला कसं माहीत? तुझे डोळे तर...”

“एक उघडा होता,” तो म्हणाला.